देवीदासचे चव्वेचाळीस खण

सौंसरात देवीदासले सारे 'चिनी' म्हणत. बासष्टच्या लढाईत गडी कैद झाला, सहा महिने तिकडच्या छावणीत राहिला, अन् एका म्हाताऱ्या पहारेकऱ्याकडून अक्षरं शिकून आला. लोक लढाईतून जखमा आणतात, यानं कविता आणल्या. त्याही बारा-तेराशे वर्षांआधीच्या!

मंग संत्र्याची बाग सांभाळून त्यानं एकच उद्योग केला. कोण्या जुन्या चिनी कवीची कविता कोण्या पुस्तकात, कोण्या पानावर, कोण्या लायब्ररीत सापडते, हे कलकत्त्याले, दिल्लीले पत्रं धाडून विचारायचं अन् चिठ्ठीवर उतरवायचं. कागद मिळंल तो. लग्नपत्रिकेची पाठ, बसचं तिकीट, काहीही. कवी चव्वेचाळीस, म्हणून संत्र्याच्या पेट्यांच्या फळ्या ठोकून चव्वेचाळीस खणांचं मोठं खोकं केलं. कवीचं नाव खणावर लिहिलं, चिठ्ठीवर नाही. तेवढाच कागद वाचे.

बावीस वर्षं असंच चाललं. पंच्याऐंशीत पांढुर्ण्याच्या श्रीकांतचं पत्र आलं. पोरगा दिल्लीत चिनी शिकवत व्हता. 'काकाजी, मी येऊन खोकं नेतो. आमी हे सारं कॉम्प्युटरात घालून राहिलो. मंग कोणी बटन दाबंल अन् तुमची चिठ्ठी समोर येईल.'

भिंग लावून देवीदासनं ते पत्र चारदा वाचलं. डोळ्यानं वाचलेलं तेच शेवटचं. काचबिंदू व्हता. नागपूरच्या दवाखान्यात महिनाभर राहिला, तरी डोळे गेले ते गेलेच.

घरी आला तं बायको इंदूनं हात धरून त्याले खोक्याजवळ बसवलं. म्हणे, "एक गंमत केली. हात लावून पाहा बरं."

त्यानं पहिल्या खणात बोटं घातली. साऱ्या चिठ्ठ्या मोठ्या. दुसऱ्यात जराशा लहान. तिसऱ्यात त्याहून लहान. पार खालच्या ओळीत नुसती बसची तिकिटं.

"काय गचाळा करून ठेवला व्हता, माय!" इंदू सांगून राहिली. "लहान-मोठं सारं एकात. दिल्लीचा माणूस काय म्हणंल? मी बसली, अन् संत्रा निवडतो तशी निवडली. पंधरा दिवस लागले."

इंदूले अक्षर येत नव्हतं, पण आंबिया बहाराची संत्रा झाडावरून उतरली का तिच्यासारखी निवडणारी साऱ्या गावात नव्हती. नुसत्या हातानं माप सांगे.

देवीदासची बोटं खणातच राहिली. कोणती चिठ्ठी कोण्या कवीची, हे आता देवालेच माहीत. एकेक पुस्तक पुन्हा उघडावं तं अजून बावीस वर्षं पाहिजेत, अन् डोळे पाहिजेत.

"बोला नं. बिघडलं का काही?"

"नाही वं," तो म्हणाला. "चांगलं केलं. मले तं जमलंच नसतं."

ऐतवारी श्रीकांत बसनं आला. इंदू चहा ठेवाले आत गेली. पोरानं दोन खण चाळले अन् त्याचा चेहरा उतरला. "काकाजी, हे तं सारं..."

देवीदासनं त्याचं मनगट गच्च धरलं. "हळू बोल. तिनं लावलं हाय."

"पण मी निदान काकीले सांगून—"

"एक शब्द बोलशील तं याद राख." मंग आत ऐकू जाईल असं मोठ्यानं म्हणाला, "अजून काम बाकी हाय, बाप्पा! पुढच्या साली ये."

श्रीकांतनं चहा घेतला, दोघांच्या पाया पडला अन् रिकाम्या हातानं बसवर गेला.

इंदू कपबशा उचलत बोलली, "काहून नाही नेलं त्यानं?"

"थोडं राहिलं व्हतं."

"मंग सांगत जा नं! दोघं मिळून करू." ती शेजारी बसली. खाली पडलेली एक चिठ्ठी उचलून तिनं त्याच्या तळहातावर ठेवली. "हे घ्या. कोण्या खणात टाकू?"

देवीदासनं चिठ्ठीवरून अंगठा फिरवला. एका कडेनं, मंग दुसऱ्या.

"लहान हाय," तो म्हणाला. "खालच्या ओळीत टाक."