आबांच्या नावाचा बीजाणू

१९९६ साली मी बारामतीत वनस्पतिशास्त्रात पीएच.डी. करत होते. लासुर्ण्याच्या एका विहिरीत तीस फुटांवर काळी माती निघाली होती; तिच्यातले बुरशीचे बीजाणू हा माझा विषय. मूळ बुरशी हजारो वर्षांपूर्वीच कुजून गेलेली, उरलेले नुसते बीजाणू, त्यामुळे वर्गवारी नुसत्या रूपावरून करायची. एका पेशीचे एका गठ्ठ्यात, दोन पेशींचे दुसऱ्यात. त्यातला एक चौकोनी, तिरक्या चिरेचा बीजाणू कुठल्याच पुस्तकातल्या एकपेशींत सापडेना. म्हणजे नवा! त्याला आबांचं, माझ्या वडिलांचं, नाव द्यायचं मी गुपचूप ठरवलं. सोमवारी सरांना दाखवायचं होतं. आठवडाभर माझे पाय जमिनीवर नव्हते.

रविवारी जळोचीच्या घरी ओसरीवर बीजाणूंच्या फोटोंचे गठ्ठे मांडले आणि चहा आणायला आत गेले. परत येते तर आबांनी सगळे एकत्र केलेले. सहा महिन्यांच्या कामाचा पार विचका! माझं डोकंच फिरलं, तोंडाला येईल ते बोलले.

आबा जन्मभर मेंढपाळ. मेंढरं विकून सहा वर्षं झाली, पण शंभर कोकरांतून ज्याची त्याची आई जुळवून द्यायची सवय काही गेली नव्हती. त्यांनी चार फोटो ओळीत सरकवले. टोकांना गोल, मधे दोन चौकोनी.

"ही येकाच घरची हायती. चौघांवर तीच चीर, आन मोडल्याली बाजूबी जुळतीया. तू नुसती मोजलीस, पोरी."

चहा तसाच टाकून मी प्रयोगशाळा गाठली. दोन तास काचपट्ट्या चाळल्यावर एकीवर चारही पेशी अजून एकमेकींना चिकटलेल्या दिसल्या. माझा नवा बीजाणू म्हणजे जुन्याच, नाव असलेल्या बीजाणूचा मधला तुकडा. वाईट वाटायला हवं होतं, पण मी एकटीच हसत सुटले. कारण ही बुरशी चरणाऱ्या जनावरांच्या शेणालेंड्यांवर वाढते. एवढ्या जुन्या काळी लासुर्ण्यात कळप चरत होते!

घरी येऊन आबांना सगळं सांगितलं, नावाचंही.

"लेंड्यावरल्या बुरशीला माझं नाव देनार हुतीस?" म्हणाले, आणि इतके हसले की आई पिठाच्या हातानं बाहेर आली. डोळे पुसून झाल्यावर त्यांनी ते चार फोटो माझ्या हातात ठेवले.

"नाव खोड. पन ही आता येका जागी ठिव. आपली मेंढरं येक येक करून इकली, तसं ह्यांचं नगं."

मी चौघांना एकाच कागदावर चिकटवलं.