घोरणं थांबल्यानंतर

आमचे हे शाळेची बस चालवतात. सहा वर्षांपूर्वी इतके घोरायचे, की दीर मुक्कामाला आले तर सकाळी विचारायचे, "वहिनी, दादाची गाडी रात्रभर चढावरच होती का?" शेवटी यांनी लेझरने टाळूचं ऑपरेशन करून घेतलं. पंधरा दिवस पाण्याचा घोट गिळतानाही डोळ्यांत पाणी यायचं. मग घोरणं थांबलं. डॉक्टरांनी वर्षभराने झोपेच्या तपासणीला बोलावलं होतं. "आवाजच नाही, तर तपासायचं काय?" म्हणून हे गेले नाहीत. मीही आग्रह धरला नाही.

गेल्या महिन्यात एका रविवारी दुपारी मी शर्टाला काजं करत बसले होते. हे पलंगावर उताणे झोपले होते. सहज नजर गेली. छाती धडपडत होती, पोट आत ओढलं जात होतं, पण तोंडातून हूं नाही की चूं नाही. नाकाशी बोट धरलं, तर वाराच लागेना. ओठ काळसर पडायला लागले. खांदा धरून हलवणार, तोच यांनी खस्सकन श्वास ओढला आणि कूस वळवली. मिनिटभराने पुन्हा तेच. इतकी वर्षं मी याच माणसाशेजारी निवांत झोपत होते.

उठल्यावर मी सांगितलं, "अहो, झोपेत तुमचा श्वास थांबतो."

"आधी घोरतो म्हणून कटकट, आता घोरत नाही म्हणून," हे हसले.

"गाडीवर डुलकी लागते का कधी?"

हसू मावळलं. चहाच्या कपाच्या कडेवरून अंगठा फिरवत राहिले. "परवा मागच्या गाड्यांनी हॉर्न वाजवले तेव्हा जागा झालो. सिग्नल हिरवा होऊन गेला होता."

"मुलं होती बसमध्ये?"

"बेचाळीस."

मी खुंटीवरची बसची किल्ली काढून कपाटात टाकली. "उद्या जायचं नाही."

तापातसुद्धा कामावर जाणारा हा माणूस एका शब्दानेही आडवा आला नाही. त्याचीच मला जास्त भीती वाटली.

इस्पितळात एक रात्र अंगाला वायरी लावून तपासणी झाली. डॉक्टर म्हणाले, "लेझरने आवाज गेला, आजार राहिला. झोपेत घसा टाळूच्या खाली, जिभेमागे मिटतो, तो तेव्हाही मिटत असणार. शिवाय टाळूवरचा व्रण आता आक्रसलाय. तासाला चाळीस वेळा श्वास थांबतोय. घोरत असता, तर कधीच आला असता माझ्याकडे."

शाळेने यांना तूर्त गाड्यांच्या देखभालीला लावलंय. झोपताना नाकावर मास्क असतो, मशीन हवा सोडत राहतं. डॉक्टर म्हणतात, सुधारणा चांगली आहे.

पण पाठ टेकताच डोळा लागणारा माणूस आता पलंगाच्या कडेला मास्क हातात धरून बसून राहतो.

"तू आहेस ना जागी?"

"आहे. झोपा तुम्ही."

"आधी हे कळायचंच नाही गं," काल म्हणाले. "आता डोळे मिटायचे म्हटलं की घाम फुटतो."

मी त्यांना आडवं केलं, मास्कचा पट्टा बसवला आणि छातीवर हात ठेवला. श्वास नीट चालला होता. तरी मला हात काढवेना.