सुईची खोटी साक्ष

मित्रांनो, मी जाफराबादच्या अलीमभाईंची जुनी रफूची सुई आहे, आणि सध्या मला माझीच शिसारी आली आहे.

पोलादी तारेतून माझा जन्म झाला. पाकिटात आम्ही पंचवीस जणी होतो. काही मोडल्या, काही हरवल्या, एक तर कुणाच्या पायात घुसून बदनाम झाली. मी मात्र बावीस वर्षं टिकले. अलीमभाई फाटक्या कापडाच्याच दुमडीतून धागे काढतात आणि माझ्याकडून भोकावर असे विणून घेतात, की मालकालाही जागा सापडत नाही. फक्त एक गोष्ट मला कधी सहन झाली नाही. दोऱ्याचं टोक ते थुंकीनं ओलं करतात, आणि तोंडात जर्दा असतो! रोज दहादा तो चिकट, उग्र दोरा माझ्या नेढ्यातून जातो.

गेल्या वर्षी त्यांना काचबिंदू निघाला. डोळ्यांच्या डॉक्टर ज्योत्स्ना मॅडमनी थेंब दिले. डोळ्यांतला दाब उतरला, तरी पुढच्या तपासणीत दोन्ही डोळ्यांची बाजूची नजर आणखी आकसलेली निघाली. मी तेव्हा अलीमभाईंच्या कॉलरला टोचलेली होते, म्हणून सगळं ऐकलं.

"दाब बराबर हाय म्हणता, मंग डोळ्याची नस कामून सुकून राह्यली?" अलीमभाईंनी विचारलं.

"नक्की सांगता येत नाही," मॅडम म्हणाल्या. "काही संशोधकांना वाटतं, जंतूंशी लढणाऱ्या आपल्याच पेशी चुकून डोळ्यावर तुटून पडतात. तिथलं काहीतरी त्यांना जंतूसारखं दिसतं. दाब वाढला की त्यांना आत वाट मिळते, असं उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलंय. माणसांत अजून सिद्ध व्हायचंय, त्यावर औषधही नाही. पण दाब आणखी उतरवणं आपल्या हातात आहे. हे नवे थेंब रोज टाका."

अलीमभाईंनी यातलं सोयीचं तेवढं उचललं. "माझंच अंग माझ्या डोळ्याला खाऊन राह्यलं," ते दुकानात सांगू लागले. "मंग वरून थेंब टाकून फायदा काय?" नवी बाटली कोनाड्यात गेली. कुणी काळजीनं विचारलं, की ते मला उचलायचे, एका झटक्यात दोरा ओवायचे आणि म्हणायचे, "नजर बिलकुल साफ हाय का न्हाई?" लोक चक्क टाळ्या वाजवायचे. शेजारचा चहाचा कप तिसऱ्यांदा लवंडला, तेव्हा दोष कपाला मिळाला. काचबिंदू बाजूची नजर आधी खातो आणि मधली शेवटी, हे मला ओरडून सांगायचं होतं. त्या टाळ्यांची मला थुंकीपेक्षा जास्त किळस आली.

परवा मॅडम आईची शाल रफू करायला घेऊन आल्या. कोनाड्यातली बाटली त्यांना दिसली. सील तसंच होतं आणि वर मुंग्या फिरत होत्या. त्यांनी ती उचलली.

"अलीमभाई, सुई ओवा."

त्यांनी ऐटीत ओवली.

"आता नजर सुईवरच ठेवा. माझ्या हातात काय आहे?"

"कोणत्या हातात?"

मॅडम बाजूला, हातभर अंतरावर बाटली हलवत होत्या. अलीमभाईंनी मान वळवली तेव्हा कुठे ती त्यांना दिसली. त्यांनी मला कॉलरला टोचून ठेवलं.

"हितंच होती?" त्यांनी हळूच विचारलं.

मग अलीमभाईंनी बाटली घेतली, मुंग्या झटकल्या आणि सील तोडलं. पहिला थेंब गालावर पडला, दुसरा डोळ्यात.

मित्रांनो, कापडाची रफू होते, गेलेल्या नजरेची होत नाही. घरातल्या कुणी सुई ओवून दाखवली, तर टाळ्या वाजवू नका. त्यांचा हात धरून डोळे तपासायला न्या, आणि थेंब दिले असतील तर ते रोज पडतात का, तेही पाहा. मला साक्षीला बोलावू नका. मला समोरचं तेवढं कळतं.

काल एका गिऱ्हाइकानं विचारलं, "चाचा, नजर कशी हाय?" अलीमभाईंचा हात सवयीनं माझ्याकडे आला आणि थांबला. मान पूर्ण वळवून त्यांनी आधी बाटली शोधली. दोरा मात्र ते अजून थुंकीनंच ओला करतात.