शिंपण

“आधी शिंपण, मग इंटरनेट,” असं म्हणत मुख्याध्यापक रेमिहियोंनी नव्या खोलीची किल्ली खिशात टाकली.

सेव्हेरो दारातच उभा राहिला. हा आमच्या शाळेचा शिपाई. छपरावरची ती थोरली डिश खालच्या रस्त्यापासून यानंच पाठीवर वाहून आणली. ती जोडून तीन आठवडे झाले होते, पण महापौर येऊन पाचामामाला, म्हणजे धरणीमातेला, बियर पाजत नाहीत तोवर कोणी हात लावायचा नाही, असा हुकूम. महापौरांना सवड मिळाली ती त्या दिवशीची. सेव्हेरोच्या लेकीला, नेलिदाला, शिक्षिका व्हायचं होतं. कॉलेजच्या परीक्षेचा अर्ज फक्त इंटरनेटवर, आणि मुदत त्याच संध्याकाळी सहापर्यंत. तालुक्याला कशाला जातेस, शाळेतच भरू, असं तिला रेमिहियोंनीच सांगितलं होतं.

“सर, पाचच मिनिटं द्या,” सेव्हेरो म्हणाला. “कुणाला कळायचंसुद्धा नाही.”

“पाचामामाला कळेल ना. अपशकुन झाला तर तू निस्तरणार का?”

मी मध्ये पडले, तर तुम्ही तुमचा पाचवीचा वर्ग सांभाळा, असं मला सुनावण्यात आलं.

महापौर उगवले साडेपाचला. बँड झाला, भाषण झालं. आमच्याकडे चार थेंब जमिनीवर पडले की पाचामामाचा मान होतो. माझी आजी थेंबच टाकायची. पण फोटो झकास यायला हवा ना! महापौरांनी अख्खी बाटली इंटरनेटच्या डब्यावर उपडी केली. डब्यावरचा हिरवा दिवा विझला आणि टाळ्या वाजल्या. विझलेला दिवा सगळ्यांनी पाहिला. एकानंही तोंड उघडलं नाही. मीही नाही, आणि त्याची मला अजून किळस येते. बियर तारांवरून ठिबकत होती अन् महापौर ‘जगाशी जोडलेली शाळा’ या फलकावरचा पडदा ओढत होते.

नेलिदा कागद छातीशी धरून खिडकीबाहेर उभी होती.

“झालं का, बाबा?”

“झालं,” सेव्हेरो म्हणाला. “चल घरी.”

ती आता अर्जेंटिनात शिवणाच्या कारखान्यात आहे. फलक मात्र चकचकीत आहे. तो सेव्हेरोच पुसतो. नोकरी आहे ना.

कार्निव्हलच्या मंगळवारी गावात जो तो आपापल्या वस्तूंवर शिंपतो. यंदाही सेव्हेरो बाटली घेऊन शाळाभर फिरला. घंटेला थेंब दिला, नळाला दिला, माझ्या मोडक्या खुर्चीलाही दिला. त्या खोलीशी आल्यावर त्यानं बाटलीला बूच लावलं आणि पुढे निघून गेला.