तीन इंच

सुताराने पलंगाच्या चौथ्या पायाला टेप लावली. पंधरा इंच. हवे होते अठरा. बाकीचे तीन पाय त्याने पुन्हा मोजले, तेही पंधराच. केसाचाही फरक नव्हता. चौघेही अगदी इमानदारीने चुकले होते.

एका कामाची सगळी मापं तो एकाच पट्टीवर खुणा करून ठेवायचा, म्हणजे सारखी टेप धरायला नको. पायांची खूण वरची होती; करवत त्याने खालच्या, उशाकडच्या फळीच्या खुणेवर चालवली होती. तीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. बरं, लाकूड दुसरं आणावं तर तेही नाही. गिऱ्हाइकाच्या परसातलं फणसाचं झाड वादळात पडलं होतं. त्याच्या वडिलांनी लावलेलं. त्याच लाकडाचा पलंग आईसाठी करून हवा होता आणि आता उरल्या होत्या फक्त ढलप्या.

बायको पॉलिशचा बोळा फिरवत म्हणाली की पायांखाली लाकडाचे गुटके ठोकून द्या, नाहीतर सरळ सांगून टाका. पलंग बुटका झालाय, तुम्ही कशाला होताय? त्याला हसू आलं नाही. गिऱ्हाईक काटेकोर माणूस. अठराचा आकडा त्याने कागदावर लिहून खाली दोन रेघा मारून दिला होता.

गुटके ठोकणं जिवावर आलं. सांगायचं ठरवूनच तो निघाला, पण त्यांच्या घरी पलंग जोडून झाला तरी त्याची जीभ रेटेना. गिऱ्हाइकाने, म्हणजे त्या आईच्या मुलाने, खिशातून टेप काढली तेव्हा सुतार पुढे झाला.

“मोजू नका,” तो म्हणाला. “तीन इंच कमी आहे. माझ्या हातून चुकलं.”

मुलाचा चेहरा उतरला. जुन्या पलंगाचं नेमकं माप दिलं होतं, आईला त्याचीच सवय आहे, असं तो म्हणेपर्यंत आई येऊन पलंगावर टेकलीसुद्धा. सुतार मान खाली घालून उभा होता, म्हणून तिची पावलं आधी त्यालाच दिसली. ती टाचांसकट जमिनीवर होती. तिने ती जराशी पुढेमागे घासली, कशाला न धरता उठली आणि पुन्हा बसली.

“जमीन लागतेय,” ती म्हणाली.

“जुन्यावर लागत नव्हती?” मुलाने विचारलं.

“कधीपासून नाही. वयाने माणूस आटतो रे.”

“मग उतरायचीस कशी?”

“घसरत.”

मुलगा तिच्यासमोर खाली बसला. टेप त्याच्या हातात तशीच उघडी होती.

“म्हणजे गेल्या वर्षी तू पडलीस ती बाथरूममध्ये नव्हे.”

आई उशाकडच्या फळीवरून हात फिरवत राहिली.

“किती हौसेने आणला होतास तू तो पलंग,” ती म्हणाली. “कसं सांगणार?”

सुताराने आवाज न करता हत्यारं पिशवीत भरायला घेतली.