शनीची कात

पळस्पे फाट्यावर त्या शनिवारी ट्रकपेक्षा माणसं जास्त होती आणि माणसांपेक्षा मोबाइल जास्त. सगळे मोबाइल एका ट्रकच्या पुढच्या चाकावर रोखलेले. ट्रक कमळाकरशेटचा, दोन महिन्यांपूर्वी घेतलेला नवाकोरा. त्याच्या चाकांच्या रिमा इतक्या चकचकीत की शेट त्यात बघून भांग पाडायचे. त्या रिमा रात्रीतून काळ्या ठिक्कर पडल्या होत्या, आणि चाकापुढे चक्रेश्वर महाराज ऊर्फ चाकबाबा मांडी ठोकून बसले होते.

"चाक फिरे तो चक्कर फिरे," बाबा गरजले. "राहू रिव्हर्समध्ये, केतू क्लचमध्ये. पण शनी? शनी बसतो रिममध्ये."

मग त्यांनी रिमच्या कडेला नख घातलं, काहीतरी पुटपुटले आणि ओढलं. तव्यावरून घावन सुटावं तशी काळी कातडी सर्रकन अखंड सुटून हातात आली. खाली रिम पुन्हा लखलखीत. गर्दीतून जयजयकार उठला. दोन ड्रायव्हर तर चाकाच्या पाया पडले.

"ही शनीची कात," बाबा म्हणाले. "घरी न्या, देवघरात ठेवा."

शनीला तेल चढतं हे आपल्याला ठाऊक आहे. बाबांनी त्यात सुधारणा केली होती. ट्रकच्या शनीला डिझेल चढतं म्हणे, तेही कॅन भरून. बाबांच्या मांडवामागे कॅनांची रांग लागली होती, आणि शनी बिचारा इतकं डिझेल कुठे जाळतो हे कुणी विचारत नव्हतं.

माझा तिथेच शेजारी वजनकाटा आहे. तीस वर्षं ट्रक तोलतोय. काट्यानं दाखवलं तेवढंच खरं मानायची मला खोड आहे. कमळाकरशेट कात घेऊन काट्यावर आले तेव्हा मी म्हणालो, "शेट, शनी उतरला ना? मग गाडीचं वजन कसं उतरलं नाही?"

"शनीला वजन नसतं, काटेवाले."

"मग साडेसाती जड कशी जाते?"

शेटनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच राहू.

इथवर गंमत होती. पण त्या महिन्यात शेटची चाकं तिसऱ्यांदा काळी पडली आणि गमतीला घाण लागली. कात सोलून झाल्यावर शेटच्या बायकोनं, हौसाताईंनी, बाबांना कारण विचारलं. बाबांनी डोळे मिटले.

"दोन महिन्यांत घरात कुणी नवं माणूस आलंय?"

"आमची सून आली हाय ना, दिपिका. चिरनेरची."

"पांढऱ्या पायाची आहे. पाय पांढरे, म्हणून चाकं काळी. पुढच्या शनिवारी चाकं पुन्हा काळी दिसली तर तिला माहेरी पोचवा. कायमची."

दिपिका तिथेच उभी होती. तिचा नवरा प्रितम, त्याच ट्रकचा ड्रायव्हर, तोही तिथेच होता, पण त्यानं तोंडात मिठाची गुळणी धरली होती. मला असा संताप आला की बाबाला उचलून काट्यावर ठेवावं आणि त्याची अक्कल किती किलो भरते ते सगळ्यांना दाखवावं.

दिपिका रडली नाही. लग्नाआधी पाच वर्षं ती कामोठ्यातल्या ब्युटी पार्लरमध्ये काम करत होती, आणि बायकांच्या चेहऱ्याकडे बघायची तिची जी नजर होती, त्या नजरेनं ती चाकाकडे बघत होती. तिनं वाकून काळ्या कातडीचा एक तुकडा उचलला, चोळला, हुंगला. मग टायर आणि रिमच्या फटीतून काहीतरी ओढून काढलं आणि सरळ माझ्या केबिनमध्ये आली.

"काका, शनी पत्ते खेळतो का?"

तिच्या हातात बदामची राणी होती. राणी अर्धी गोरी आणि अर्धी काळीकुट्ट, मधे सरळ रेघ.

"हे फटीत खोचलेलं होतं," ती म्हणाली. "आणि ती कातडी मी रोज काढायचे, काका. बायकांच्या तोंडावरून. पील-ऑफ मास्क. आधी तोंड स्वच्छ धुवायचं, मग जाड थर लावायचा, वाळला की कडेनं उचलायचा. थर पातळ पडला तर तुकडे होतात. तोंड तेलकट राहिलं तर धरतच नाही. मला सांगा, इथे उभे राहणारे ट्रक कोण धुतं?"

मी कपाळावर हात मारला. बाबांचे शिष्य रोज संध्याकाळी ट्रक फुकट धुऊन द्यायचे. त्याला 'चक्रस्नान सेवा' म्हणत. मीही त्यांचं कौतुक केलं होतं.

त्याच दुपारी आम्ही कामोठ्यात ताहेरभाईंकडे गेलो. त्यांचं गाड्या रंगवायचं दुकान आहे आणि दिपिका त्यांना पार्लरच्या दिवसांपासून ओळखते. त्यांनी राणी पाहिली आणि हसत हसत स्टुलावर बसकण मारली.

"बेटा, खुदा कसम, हा तर आमचा धंदा आहे. रबराचा रंग येतो, स्प्रेचा डबा. शौकीन लोक रिमा काळ्या करवून घेतात, दिल भरला की सोलून टाकतात. टायरला रंग लागू नये म्हणून फटीत पत्ते खोचायचे. माझे आजवर चार कॅट गेले असतील. चार-पाच हात मारायचे, मधे अर्धा अर्धा तास सुकू द्यायचं. बस."

"म्हणजे यात शनीचा हात नाही," मी म्हणालो.

"हात पाच आहेत, साहेब. सगळे रंगाचे."

मी म्हणालो, आत्ताच्या आत्ता जाऊन सगळ्यांना सांगू. दिपिकानं नकारार्थी मान हलवली.

"माझं कोण ऐकणार? म्हणतील, स्वतःचे पाय लपवतेय. तुमचं ऐकतील का? तुम्ही देव मानत नाही हे सगळ्या फाट्याला माहीत आहे. ज्यांचं ऐकतात, त्यांनाच सांगू दे."

"म्हणजे कुणाला?"

"बाबांना," ती म्हणाली, आणि ताहेरभाईंकडून एक डबा घेतला.

शुक्रवारी सकाळी ती डोक्यावर पदर घेऊन मांडवात गेली. प्रायश्चित्त म्हणून बाबांच्या चांदीच्या पादुका धुवायची परवानगी मागितली. शिष्यांनी कौतुकानं दिल्या. पादुका आल्या माझ्या केबिनमध्ये. साबणानं धुतल्या, पुसल्या, खिडक्या उघडल्या, टेबलफॅन लावला. मी नाकावर रुमाल बांधून दारातून ट्रक तोलत होतो आणि आत ती गुणगुणत पादुकांना हात मारत होती. नवरीचा मेकअपही इतक्या निगुतीनं होत नसेल. दुपारपर्यंत पाच हात झाले. संध्याकाळी तिनं पादुका लाल रेशमी कापडात बांधून परत दिल्या आणि सांगितलं, उद्या महाराजांनी स्वतःच्या हातानं उघडाव्यात.

शनिवारी गर्दी दुप्पट. ट्रकची चाकं ठरल्याप्रमाणे काळी. हौसाताईंनी सुनेची बॅग भरूनच आणली होती, रिक्षा उभी होती, रिक्षावाल्याला चिरनेर सांगून झालं होतं. केबिनच्या दारात माझ्या येरझारा चालल्या होत्या. रंग नीट धरला नसेल तर पोरगी त्याच रिक्षेत बसणार होती.

बाबांनी आधी पादुका मागवल्या. कापड सोडलं.

पादुका काळ्या ठिक्कर.

मग कमळाकरशेट हात जोडून पुढे झाले. त्यांच्या मनात काही कपट नव्हतं हो, खरोखर काळजीनं त्यांनी विचारलं, "महाराज, तुमच्या मठात कोन पांढऱ्या पायाचं आलं हाय?"

मागून कुणीतरी फिसकन हसलं. बाबांचा चेहरा लाल झाला.

"गप्प बस. अस्सल चांदी आहे ही. कुणी केला हा चावटपणा? रंग मारलाय यावर."

"रंग?" दिपिका पुढे आली. "शनी नाही, महाराज?"

"कसला शनी घेऊन बसलीस? नाक आहे ना तुला? रबराचा स्प्रे आहे हा. हे बघ, असा कडेनं धरला की निघतो." आणि बाबांच्या सरावलेल्या नखानं बरोब्बर कड पकडली, सर्रकन ओढलं, आणि अख्खी काळी कातडी त्यांच्या हातात लोंबू लागली. खाली चांदी लखलखली. दोनशे मोबाइल चालू होते.

आपण काय बोललो हे बाबांना उमगायला जरा वेळच लागला. तोवर दिपिकानं सासऱ्यांच्या देवघरातून आणलेला स्टीलचा डबा उघडला होता. त्यातली शनीची कात तिनं पादुकेच्या कातीशेजारी धरली. तोच रंग, तीच जाडी, तोच वास. मग बदामची राणी उंच धरून तिनं धुण्यापासून सोलण्यापर्यंत सगळं समजावलं आणि शेवटी नवऱ्याला हाक मारली.

"या, तुम्हीच सोला. मंत्र लागत नाही."

प्रितमनं नख घातलं. सर्र. त्याच्या तोंडून हसू फुटलं आणि मग सगळा फाटाच वेडा झाला. ड्रायव्हर, क्लीनर, भाजीवाल्या, एक वकीलसुद्धा, जो तो चाकाकडे धावला. सोलायला चाकं कमी पडली. कुणी कात डोक्यावर घातली, कुणी मिशा करून लावल्या. शिष्य गोव्याच्या रस्त्यानं पसार झाले. बाबा एक पाय काळा, एक पाय चांदीचा अशा थाटात निसटत होते, पण त्या पादुका घालून पळता येत नाही. मी पोलिसांना फोन केला. जादूटोण्याविरुद्ध आपल्याकडे कायदा आहे, तो अशाच दिवसांसाठी.

हसण्याचा भर ओसरला तेव्हा हौसाताई रिक्षेतून बॅग उतरवत होत्या.

"चल गो घरी," त्या सुनेला म्हणाल्या. "माजं चुकलं. मना काय म्हाईत तो रंग हाय."

दिपिका जागची हलली नाही.

"आई, आणि रंग नसता तर? चाकं खरंच काळी पडली असती तर?"

हौसाताईंनी चाकाकडे पाहिलं, मग सुनेकडे.

"तर गाडी गॅरेजला न्यायची," त्या हळूच म्हणाल्या. "चाकाचा आनि तुजा काय संबंद?"

दिपिकानं बॅगेचा दुसरा बंद धरला. दोघी निघाल्या.

मंडळी, हा बाबा बावळट निघाला, चांदीच्या मोहात स्वतःच बोलून गेला. पुढचा हुशार असेल. त्याची युक्ती तुम्हाला कळणार नाही, मलाही कळणार नाही, आणि प्रत्येक वेळी पार्लरवाली पोरगी हजर असेलच असं नाही. युक्ती कळली नाही तरी चालेल. पण कुणी एखाद्या माणसाकडे बोट दाखवून सांगू लागला की तुमचं वाईट याच्यामुळे होतंय, तर हौसाताईंनी शेवटी विचारलं तेवढं, 'काय संबंध?', त्याला नक्की विचारा. आणि त्यांनी विचारलं त्याच्या आठवडाभर आधी विचारा.