कपाटावरचा फुगा

फुगा मोठा झाला होता. सायकलवाल्याने तो दोन्ही तळहातांत धरून पाहिला, परत डब्यात ठेवला, डबा कपाटावर सरकवला आणि पलंगावर बसून राहिला. जन्मभर त्याने लोकांच्या सायकलींची पंक्चरं काढली होती. हवा कमी होते, आपणहून वाढत नाही, एवढं त्याला कुणी शिकवायला नको होतं.

फुगा बायकोने तोंडाने फुगवलेला होता. गल्लीतल्या कुठल्या पोराला शाळेत सोंग घ्यायचं असलं की त्याची आई हिच्याकडे यायची. जुना सदरा, पिना आणि फुग्यांची पाकिटं, एवढ्यावर ती द्राक्षांचा घड करायची, सुरवंट करायची, साबणाच्या फेसात बुडालेला माणूस करायची. दुकानातला पंप आणू का म्हटलं की नको म्हणायची. पंपाने फुगा ताठतो, पोरगं खाली बसलं की फुटतो. तोंडाने फुगवलेला जरा ढिला राहतो, तसाच हवा. तिने केलेल्या शेवटच्या घडातून एक जांभळा फुगा उरला. नंतर ती गेली. फुगा त्याने बिस्किटांच्या डब्यात मऊ फडक्यावर ठेवला. आत तिचा श्वास होता. तिच्या आतलं असं दुसरं काही हाताला लागण्याजोगं उरलं नव्हतं.

कित्येक महिने फुगा मावळला नाही, याचा त्याला अभिमानच वाटायचा. तिची गाठच तशी. एक पीळ, वर पांढरा दोरा, दातांनी आवळलेला. पण आता फुगा वाढला म्हणजे कुणाचा तरी हात डब्यापर्यंत पोचत होता. मुलगा सकाळी कारखान्यात जायचा तो दिवेलागणीला यायचा. नातीचा हात कपाटाला पुरत नव्हता. उरली सून.

आणि सुनेचं अलीकडे काहीतरी चाललं होतं खरं. स्वयंपाकघराचं दार लोटून घ्यायची. आतून रबराची करकर यायची, नातीची खुसखुस यायची, आणि तो खाकरला की सगळं गप. सासूची पिनांची डबी कुठे आहे, असंही तिने सहज विचारावं तसं विचारलं होतं. त्याने मनात जुळवलं: हिला कशाला तरी फुगा कमी पडला, हिने म्हातारीचा उचलला आणि जागी बाजारचा ठेवला. म्हाताऱ्याला काय कळतंय.

त्याने गाठीजवळ पेनाने बारीक ठिपका दिला. मग दुकानावर जाताना वाटेत वही-पेन्सिलीच्या दुकानदाराकडे उगाच थांबला, इकडचं तिकडचं बोलला आणि सुनेचा विषय काढला. दुकानदार हसत म्हणाला, तुमची सून आमचं चांगलं गिऱ्हाईक, वर्ष होत आलं, सारखे जांभळे फुगे नेते, तुमच्याकडे रोज वाढदिवस असतो की काय.

सायकलवाला हसला नाही. वर्षभर?

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने डबा उघडला. फुगा पूर्वीएवढा झाला होता. ठिपका नव्हता.

फुगा घेऊन तो तसाच स्वयंपाकघरात शिरला. नात जुना जांभळा सदरा घालून मधोमध उभी होती, गळ्यापासून खाली फुगेच फुगे, डोक्यावर हिरव्या कागदाचं पान. "आजोबा, लांबूनच बघा," ती म्हणाली, "मी पिकलेय." सून जमिनीवर बसून फुगवत होती. त्याच्या हातात काय आहे ते पाहून तिच्या तोंडातला फुगा सुटला आणि फुसफुसत ओट्याखाली गेला.

"सूनबाई, हा कुणाचा?"

"माझा."

"आणि तिचा?"

तिने मान खाली घातली. "आई गेल्या त्याच महिन्यात फुटला, बाबा. धूळ पुसताना डबा पडला. तुम्ही आल्या आल्या डबा रिकामा दिसू नये म्हणून एक ठेवला, संध्याकाळी सांगणारच होते. सांगायला आले तर तुम्ही तो गालाला लावून बोलत होतात."

मग फुगा मावळला की ती बदलत राहिली. गाठ सासूनेच शिकवलेली. परवा या घडाच्या गडबडीत जास्त फुगवला गेला, म्हणून आज पुन्हा बदलला.

तो उभाच राहिला. वर्षभर तो त्या फुग्याशी काय काय बोलला होता ते एकेक आठवायला लागलं. त्यात सुनेच्या तक्रारीही होत्या.

"तू ऐकायचीस?"

"भाजीत मीठ जास्त पडतं, तेवढं ऐकलं. मग कमी टाकायला लागले."

त्याला रागवायचं होतं, पण राग नेमका कुणावर काढायचा ते सापडेना. जिच्यावर संशय घेतला तिच्याच श्वासाला तो रोज हात लावत होता, आणि जिचा म्हणून लावत होता तिचा श्वास डबा पडला तेव्हाच निघून गेला होता. तो हळूच खाली बसला. नातीच्या पोटाखाली घडाचं टोक रिकामं होतं.

"टोकाला लहानच लागतो," तो म्हणाला आणि हातातला फुगा सुनेपुढे केला. "पिन गाठीच्या शेपटीतून घाल. फुग्याला टोचू नकोस."

"माहितेय, बाबा. आणि डब्यात?"

"डब्यात काही ठेवू नकोस."

नात श्वास रोखून उभी राहिली. सुनेने पिन लावली. त्याने ओट्याखाली गेलेला फुगा काढला, सदऱ्याला पुसला आणि तोंडाला लावला. पहिल्या फुंकरीला फुगा जरासुद्धा फुगला नाही.